देवाचं काही राहिलंय का?

घरात एकामागून एक आजारपणं निघाली, पोराचं लग्न जमेना, बोअरला पाणी लागेना, की मराठवाड्यातल्या घरांत कुणीतरी वडीलधारं माणूस हमखास विचारतं, "देवाचं काही राहिलंय का?" मग आठवणी उकरल्या जातात. आजोबांनी बोललेलं जागरण-गोंधळ राहिलं का? तुळजापूरची ओटी चुकली का? आजीने कुठल्याशा बाळंतपणात भद्रा मारुतीला पायी येईन म्हटलं होतं, पुढे गुडघे धरले आणि ते राहूनच गेलं, ते तर नसेल? शोधलं की काहीतरी सापडतंच. ज्याच्याकडे देवाची काहीच बाकी नाही असं घर मी तरी पाहिलेलं नाही. आणि सापडलं की सगळ्यांना हायसं वाटतं. देणं कळलं, आता फेडता येईल.

या प्रश्नाच्या पोटात एक शंका असते, ती मात्र कुणी बोलून दाखवत नाही. देवाची आपल्यावर माया आहे की नाही? की ती फक्त हप्ते वेळेवर भरणाऱ्यांसाठी आहे? आपण पोथीत, कीर्तनात, आरतीत त्याला माउली म्हणतो आणि घरात संकट आलं की त्याच्याशी सावकारासारखं वागू लागतो. आईकडे कुणी बाकी विचारत नाही.

हे पुस्तक त्या शंकेविषयी आहे. देव आपल्यावर प्रेम करतो यावरचा विश्वास डळमळला की भक्ताच्या आज्ञापालनाचं काय होतं, एवढाच त्याचा विषय. यावर कीर्तनकार, मौलवी आणि पाद्री यांचं साधारण एकमत असतं: श्रद्धा ढळली की आचार सुटतो, संशयी माणूस आधी नेम चुकवतो, मग देऊळ सोडतो आणि शेवटी वाह्यात होतो. असंही होतं, नाही असं नाही. पण मला आजूबाजूला दिसलं ते बरंचसं उलटं आहे. प्रेमाची खात्री गेली की आज्ञापालन पुष्कळदा वाढतं. एकाचे दोन उपास होतात, अकरा प्रदक्षिणांच्या एकशे आठ होतात, सोवळं कडक होतं, घरातल्या पोरासोरांवर नजर ठेवली जाते. बाहेरून बघणाऱ्याला ही भक्ती वाढलेली वाटते. आतून ती भीती असते.

श्रावणातल्या शुक्रवारी रात्री छत्रपती संभाजीनगरातून खुलताबादच्या रस्त्याला माणसांची रीघ लागते. शनिवारी पहाटे भद्रा मारुतीचं दर्शन घ्यायचं म्हणून पंचवीसेक किलोमीटर चालत जायचं. वाटेत दौलताबादचा किल्ला, पुढे घाट. मंडळांचे चहाचे, केळ्यांचे, साबुदाण्याच्या खिचडीचे टेबल लागलेले असतात, कुणाच्या मोबाइलवर हनुमान चालीसा तर कुणाच्या मोबाइलवर सिनेमाची गाणी. कॉलेजची पोरं दंगा करत चालतात. त्यांना मारुतीकडून काही नको असतं, फार तर एटीकेटी सुटावी एवढंच. अशाच एका रात्री घाटाच्या पायथ्याशी एक बाई दिसली. पायाला चिंध्या गुंडाळलेल्या, चपला हातातल्या पिशवीत. टेबलावरच्या पोराने खुर्ची पुढे केली, "मावशी, टेका थोडं." ती म्हणाली, "नाही बाबा, बसलं की मोडतं." काय मोडतं ते त्याने विचारलं नाही. त्यालाही ठाऊक होतं. कुणासाठी चालते आहे ते तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. दंगा करणारी पोरं आणि ती बाई एकाच रस्त्याने एकाच देवाकडे जात होती, नियम दोघांनीही पाळला होता. पण त्या मारुतीने आपल्याकडे कसं बघावं याची दोघांची कल्पना एक नव्हती. शिवाय खुलताबादला तो देव निजलेल्या अवस्थेत आहे. उभ्या, गदा उगारलेल्या मारुतीपेक्षा खरं तर बराच कमी धाकाचा.

या विषयाची सगळ्यात मोठी साक्ष आपल्याच जिल्ह्यातली आहे: शिऊरच्या संत बहिणाबाई. जळगावच्या बहिणाबाई चौधरी वेगळ्या. हा घोळ अजूनही होतो म्हणून सांगून ठेवतो. या बहिणाबाई १६२८ मध्ये कन्नड तालुक्यातल्या देवगावात जन्मल्या, वेरूळच्या शेजारी. तिसऱ्या वर्षी त्यांचं लग्न तीस वर्षांच्या बिजवराशी, शिऊरच्या गंगाधर पाठकांशी झालं. भाऊबंदकी आणि देणी यांपायी आई-वडील, जावई आणि ही पोर असं कुटुंब एका रात्री गाव सोडून निघालं. पंढरपूर, शिखर शिंगणापूर, रहिमतपूर असं करत कोल्हापुरात बहिरंभटांच्या घरी टेकलं. हे सगळं त्यांनी स्वतःच अभंगांत सांगितलं आहे. सतराव्या शतकातली एक मराठी बाई आपलं आयुष्य क्रमाने सांगते, त्यात नवऱ्याचा मार सांगते आणि देवावरचा संशयही सांगते. जस्टिन अ‍ॅबट यांनी १९२९ मध्ये त्याचं इंग्रजी भाषांतर छापलं; अ‍ॅन फेल्डहाउस यांनी १९८२ मध्ये 'पत्नी आणि संत' या पेचावर लेख लिहिला. आपल्याकडे मात्र शालेय पुस्तकातल्या ओळीपलीकडे त्यांची ओळख फार जात नाही.

कोल्हापुरात त्यांच्या घरी एक गाय आली आणि तिचं वासरू या अकरा वर्षांच्या मुलीच्या मागेमागे फिरू लागलं. जयरामस्वामींच्या कीर्तनाला ती वासरू घेऊन गेली. गर्दीत कुणीतरी ते बाहेर नेऊन बांधलं. वासरू हंबरू लागलं, मुलगी रडू लागली. स्वामींनी वासरू आत आणायला लावलं आणि दोघांच्याही डोक्यावरून हात फिरवला. गावात बोलबाला झाला. नवऱ्याच्या कानावर गेलं. त्याने वेणी धरून तिला बेदम मारलं आणि बांधून ठेवलं. गाय-वासरांनी वैरण तोंडात घेतली नाही. पुढे वासरू गेलं, मुलगी काही दिवस बेशुद्ध पडली आणि त्या अवस्थेत तिला कधी न भेटलेल्या तुकोबांनी स्वप्नात उपदेश केला. शुद्धीवर आल्यावर लोक दर्शनाला येऊ लागले. ब्राह्मणाच्या बायकोने शूद्राला गुरू करावं आणि लोकांनी तिच्या पाया पडावं, हे पाठकांना सोसवेना. बायको गरोदर असताना ते तिला टाकून तीर्थाटनाला निघायची तयारी करू लागले.

इथे बहिणाबाई जे बोलतात ते मला संतवाङ्मयातल्या सगळ्यात धीट बोलण्यांपैकी एक वाटतं. अर्थ असा की, नवरा निघून गेला तर या पांडुरंगाला घेऊन मी काय करू? एक देव दगडाचा, एक गुरू स्वप्नातला. त्यांच्यासाठी डोळ्यांसमोरचं सुख का घालवून बसू? आणि मग त्या ठरवतात की नवरा हाच देव, त्याची सेवा हाच धर्म, त्याची आज्ञा मोडणार नाही.

भाविक टीकाकार हा भाग पातिव्रत्याचा आदर्श म्हणून सांगतात. स्त्रीवादी वाचकांना तो शरणागतीसारखा वाटतो आणि ते पान उलटतात. दोघंही थोडी घाई करतात. नीट पाहिलं तर इथे देवाच्या प्रेमावरचा संशय आणि आज्ञापालन यांचं नातं उघड्यावर आलेलं आहे. पांडुरंगाचं आपल्यावर प्रेम आहे का, हे या पोरीला कळेनासं झालं. प्रेम असतं तर मार का बसला, वासरू का गेलं, नवरा का चालला? तिने आज्ञापालन सोडलं नाही, फक्त त्याचा पत्ता बदलला. न दिसणाऱ्या देवाकडून ते हाताशी असलेल्या, हात उगारू शकणाऱ्या माणसाकडे गेलं. संशयात सापडलेला माणूस बंडखोर क्वचितच होतो. तो जवळच्या अधिकाराला घट्ट धरतो, मग तो नवरा असो, भटजी असो, बुवा असो की पक्षाचा पुढारी. ज्यांचा धंदाच आज्ञा देण्याचा आहे त्यांना हे चांगलं ठाऊक असतं. देव रागावला आहे हे पटवलं की पुढचं काम सोपं होतं.

बहिणाबाईंची गोष्ट मात्र तिथे थांबली नाही. पाठक तापाने फणफणले, महिनाभर अंथरुणाला खिळले. बायकोने सेवा केली. आपण तुकोबांची निंदा केली म्हणून हे झालं असं त्यांना वाटू लागलं. (पुन्हा तोच प्रश्न: देवाचं काही राहिलंय का? या वेळी तो नवऱ्याला पडला.) बरं वाटल्यावर ते बायकोला घेऊन देहूला गेले. तिथे तुकोबांचा द्वेष करणाऱ्या मंबाजींचा त्रास झाला तो वेगळाच. पुढे बहिणाबाई शिऊरला राहिल्या आणि १७०० मध्ये वारल्या. पण त्यांच्या अभंगांत स्त्रीच्या देहाला परमार्थाचा अधिकार नाही म्हणणाऱ्या वेद-पुराणांविषयीची तक्रार शेवटपर्यंत ऐकू येते. त्यांनी पातिव्रत्यावर पुष्कळ लिहिलं, हेही खरं. या दोन गोष्टी त्यांनी जुळवल्या की फक्त शेजारी शेजारी ठेवल्या, यावर विद्वान भांडत राहोत. मला त्यांनी शेजारी ठेवल्या असंच वाटतं. ज्या बाईने मार खाल्ला त्या बाईला देवाचं प्रेम आणि नवऱ्याची आज्ञा एकच असल्याचं शिकवणाऱ्यांनी तिचे अभंग एकदा सलग वाचावेत.

त्यांच्या गुरूने या शंकेचं काय केलं, तेही पाहायला हवं. तुकोबांच्या घरावर १६३० च्या आगेमागे दुष्काळ कोसळला. पहिली बायको अन्न-अन्न करत गेली, व्यापार बुडाला. देवाच्या मायेवर शंका यायला याहून कारण काय हवं? तुकोबांनी घरातली कर्जखतं काढली, भावाचा वाटा त्याच्या हाती दिला आणि आपल्या वाट्याची खतं इंद्रायणीत सोडली. लोकांकडून येणं होतं ते संपवलं. पुढे वाघोलीच्या रामेश्वर भटांनी शूद्राने वेदार्थ बोलू नये म्हणून वह्या बुडवण्याची आज्ञा केली, तेव्हा तुकोबांनी ती पाळली. वह्या खरोखर बुडवल्या. आणि मग परंपरा सांगते त्याप्रमाणे तेरा दिवस अन्नपाण्याशिवाय शिळेवर बसून राहिले, देवाला जाब विचारत. त्या काळातले म्हणून जे अभंग गाथेत आहेत त्यांत त्यांनी विठ्ठलाला काय काय म्हटलं आहे ते सौम्य करून सांगण्यात अर्थ नाही; थेट वाचावं. आज्ञा पाळली आणि तोंडही बंद ठेवलं नाही. हे दोन्ही एका माणसाला जमतं, कारण आज्ञा भटाची आणि भांडण देवाशी, हे त्याला वेगवेगळं दिसत होतं. गंगाखेडची जनाबाई दळताना विठ्ठलाला शिव्या घालते त्या याच जातीच्या. शिवी घालायला समोरचा आपला लागतो.

पण सगळ्यांना तो आपला वाटायला जागा होती का? चोखामेळा मंगळवेढ्याचे. पंढरपूरला येत, पण महाद्वाराच्या बाहेर थांबत. बाहेर थांबणं ही आज्ञा होती, ती देवाच्या नावाने दिलेली होती आणि चोखोबांनी ती पाळली. १३३८ मध्ये गावकुसाच्या कामावर भिंत कोसळून ते गेले. समाधी मंदिरासमोर आहे, अर्थात बाहेरच. त्यांच्या अभंगांत तक्रार आहे, पण शेवटी ती देवाच्या पायांशी विरघळते. त्यांचा मुलगा कर्ममेळा याच्याकडे ते विरघळणं नाही. तू आम्हाला या जातीत का घातलंस, यात तुझं मोठेपण काय, असं तो सरळ विचारतो आणि उत्तराची वाट बघत नाही. बाप प्रेम गृहीत धरून आज्ञा पाळतो. मुलाला प्रेमाचा पुरावाच दिसत नाही. एका घरात, एका पिढीच्या अंतराने. कर्ममेळ्याचे थोडेच अभंग मिळतात, त्यामुळे आपण त्याला विसरलो आणि आपली सोय झाली.

पंढरपूरचं देऊळ सगळ्यांना उघडं व्हावं म्हणून साने गुरुजींनी उपास केला तो १९४७ च्या मे महिन्यात. चोखोबांनंतर सहाशे वर्षांनी. गुरुजी देवाच्या प्रेमावर निःशंक होते, म्हणूनच त्यांना देवाच्या नावाने चालणारी आज्ञा खोटी ठरवता आली. प्रेमाची खात्री असलेला माणूस नेहमी मवाळ आणि आज्ञाधारक असतो असं समजणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

देवाच्या नावाने चालणाऱ्या आज्ञेला दुसरं उत्तर आपल्या शहरातच उभं आहे. छावणी आणि विद्यापीठ यांच्या मधल्या नागसेनवनात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये महाविद्यालय सुरू केलं. पुढे त्याला मिलिंद हे नाव मिळालं, भिक्षू नागसेनाला प्रश्नांवर प्रश्न विचारणाऱ्या राजाचं. बाबासाहेबांनी १९४८ मधलं 'द अनटचेबल्स' हे पुस्तक नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांना अर्पण केलं होतं. चोखोबांना त्यांनी टाकलं नाही. पण चोखोबांची वाटही धरली नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात त्यांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत जुन्या देवांना मानणार नाही हे होतं आणि शील पाळेन हेही होतं. देवाच्या प्रेमाचा प्रश्नच बाजूला ठेवून माणूस कडक शिस्तीने जगू शकतो, असा त्याचा अर्थ. माझ्या विषयाला ही मोठी अडचण आहे आणि ती मी लपवणार नाही. आज्ञापालनाला प्रेमाची खात्री लागतेच असं म्हणणाऱ्याने नागसेनवनातून एकदा चक्कर मारावी. मी त्याहून थोडकं म्हणतो: जो देवाला मानतो आणि त्याच्या प्रेमावर शंका घेतो, त्याचं पाळणं बिघडतं. जो देवालाच मानत नाही त्याचा हिशेब निराळा.

पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात हे बिघडणं आणि सुधारणं दोन्ही दिसतं. रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणं सांगत तीर्थोतीर्थी फिरत. घरात सगळं शास्त्राप्रमाणे: स्नानं, उपास, दानं, ब्राह्मणभोजनं, प्रदक्षिणा. होतं नव्हतं ते देवाच्या कामी खर्चलं. १८७० च्या दशकात मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला तेव्हा हे कुटुंब उपाशी होतं. रमाबाईंनी पुढे लिहून ठेवलं की पैसे संपत गेले तसा देवांचा धावा वाढत गेला. तिरुपतीच्या परिसरात रानातली पानं आणि फळं खाऊन दिवस काढले. म्हाताऱ्या अनंतशास्त्रींनी जलसमाधीचा विचार केला. मुलगा श्रीनिवास म्हणाला, मी हमाली करतो. ब्राह्मणाच्या विद्वान मुलाने हमाली करावी याचा विचार बापाला त्याआधी सुचला नव्हता. १८७४ मध्ये वडील गेले, त्यामागोमाग आई आणि बहीण. सगळ्या आज्ञा पाळल्या होत्या. काहीही राहिलं नव्हतं.

१८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. आपल्याकडे कथा इथे संपवतात, कुणी टाळ्या वाजवून तर कुणी शिव्या देऊन. खरी गोष्ट पुढे आहे. वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांना वाटे की रमाबाईंनी आता चर्चच्या वडीलधाऱ्यांचं मुकाट ऐकावं. रमाबाईंनी पत्रांतून उलट विचारलं की भटांचं जोखड नुकतंच मानेवरून उतरवलं आहे, आता दुसऱ्यांचं का घेऊ? त्या दोघींचा पत्रव्यवहार छापलेला आहे. आज्ञापालनावर इतकं चुरशीचं मराठी बाईने क्वचितच लिहिलं असेल, ते इंग्रजीत आहे ही गोष्ट वेगळी. आणि १९०७ च्या आपल्या साक्षीच्या पुस्तिकेत त्या सांगतात की बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षं त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. १८९१ च्या सुमारास विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज पाद्र्याचं आत्मचरित्र वाचताना हे त्यांच्या लक्षात आलं. म्हणजे तीर्थांची यादी जाऊन दुसऱ्या आज्ञांची यादी आली होती. फेडणं चालूच होतं. ते थांबलं त्यानंतर केडगावची मुक्ती ही संस्था उभी राहिली, १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली गोळा करून आणल्या गेल्या. ज्या बाईच्या आई-बापांना दुष्काळात देव पावला नव्हता, तिने पुढच्या दुष्काळात काय केलं ते पाहा. त्यांचे धर्मविषयक निष्कर्ष कुणाला पटोत न पटोत.

मराठवाड्यातल्या ख्रिस्ती घरांत उधळ्या पुत्राची गोष्ट सगळ्यांना पाठ असते. नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ बेथेल गाव वसवलं, तेव्हापासून ती इथल्या उपदेशांत आहे. उपदेश बहुतेकदा सगळं उधळून घरी परतलेल्या धाकट्या मुलावर होतो. मला थोरला जास्त ओळखीचा वाटतो. तो शेतातून येतो, घरात गाणं-बजावणं ऐकतो आणि बाहेरच उभा राहून बापाला सुनावतो: इतकी वर्षं तुझी चाकरी केली, एकही आज्ञा मोडली नाही, मित्रांबरोबर मजा करायला कधी करडू तरी दिलंस का? आज्ञा एकही मोडलेली नाही आणि बापाच्या मायेवर काडीचा विश्वास नाही. लूकच्या शुभवर्तमानात हा मुलगा शेवटी आत गेला की नाही ते सांगितलेलंच नाही.

या प्रश्नाकडे वैद्यकाच्या अंगानेही पाहिलं गेलं आहे. केनेथ पार्गामेंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये अमेरिकेतल्या पंचावन्न वर्षांवरील सुमारे सहाशे रुग्णांचा दोन वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध केला. देवाने आपल्याला टाकलं, देवाचं आपल्यावर प्रेम आहे का, असे प्रश्न ज्यांना छळत होते त्यांच्यात मृत्यूचा धोका इतरांपेक्षा वाढलेला आढळला. याचा अर्थ संशयाने माणूस मरतो असा कुणी काढू नये. आणि घरातल्या आजारी माणसाला हे वाचून दाखवू नये, ही विनंती.

आता देवगिरी, म्हणजे तोच दौलताबादचा किल्ला. एकनाथ तरुणपणी किल्ल्यावर जनार्दनस्वामींकडे हिशेबाचं काम करत. एका रात्री एका पैची चूक सापडेना. दिवा लावून ते पहाटेपर्यंत खतावणी चाळत बसले आणि चूक सापडल्यावर आनंदाने टाळी वाजवली. स्वामी म्हणाले, एवढं लक्ष देवाकडे लावलंस तर? ही आख्यायिका एकाग्रतेचा धडा म्हणून सांगितली जाते. मला त्यात दुसरंही दिसतं. हिशेबात इतका वाकबगार माणूस पैठणला गेल्यावर धर्माच्या हिशेबात मात्र बेधडक चुका करतो. श्राद्धाचं अन्न ब्राह्मणांच्या आधी महारांना वाढतो, काशीहून आणलेली गंगा तहानलेल्या गाढवाच्या तोंडात ओततो. पैठणच्या ब्राह्मणांनी त्यांना प्रायश्चित्तं सांगितली आणि नाथांनी तीही वाद न घालता घेतल्याचं चरित्रकार सांगतात. नियम मोडला, दंडही भरला, पण कुठेही धास्ती दिसत नाही. देवाचं काही राहिलंय का, हा प्रश्न नाथांच्या घरात कुणी विचारला असेल असं मला वाटत नाही. उलट परंपरा म्हणते, देवच श्रीखंड्याच्या रूपाने बारा वर्षं त्यांच्या घरी कावडीने पाणी भरत होता.

पुस्तकात पुढे बहिणाबाई, तुकोबा, चोखोबांचं घराणं, रमाबाई आणि नाथ यांच्यावर स्वतंत्र लेख आहेत. खुलताबादच्या सूफींवर लिहायला हवं होतं. पण बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्या मजलिसींच्या नोंदी फारसीत आहेत आणि मला फारसी येत नाही, म्हणून उसनं ज्ञान टाळलं. लेखांचा क्रम सक्तीचा नाही. बहिणाबाईंपासून सुरुवात केली तर बरं, कारण त्यांनी आपला संशय कुणाच्याही आडून सांगितलेला नाही. हे लेख वाचताना त्यांची गाथा आणि तुकोबांची गाथा हाताशी असू द्या. मी अभंग उद्धृत केलेले नाहीत, फक्त आशय सांगितला आहे, आणि माझा आशय चुकत असेल तर मूळ शब्दांतच तो सापडेल. आणि घरातल्या थोरल्यांनी पुन्हा कधी "देवाचं काही राहिलंय का" म्हणून विचारलं, तर वाद घालू नका. कुणाची भीती वाटते ते आधी विचारा.